पापणी लवेपर्यंत

अंतराळयानावरची ती जुनी विनोदी मालिका दोघं बहीणभाऊ चुका शोधायलाच बघायचे. कप्तानाच्या हातातला कप आत्ता लाल आणि पुढच्याच क्षणी निळा, असं काही सापडलं की धाकट्याला कोण आनंद व्हायचा! हात मोडून घरी बसल्यापासून तर त्याला दुसरा उद्योगच नव्हता.

"ताई, थांबव! यंत्रमानवाचं बटण गायब!" तो ओरडला.

हसत हसत ती त्याच्याकडे वळली. प्लास्टर उजव्या हाताला होतं.

"डावा मोडला होता ना तुझा?"

"काहीतरीच काय! तूच नेलंस की दवाखान्यात."

तिने आईला हाक मारली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "उजवाच गं. डोकं ठिकाणावर आहे ना?"

तिने फोनमधला त्याचा दवाखान्यातला फोटो काढून बघितला. त्यातही उजवाच. मान वर केली, तर आईचे लांब केस मानेपर्यंत कापलेले होते. धाकट्याच्या हनुवटीवर कधीच नसलेला जुना व्रण होता. दोघंही नेहमीच्याच मायेने तिच्याकडे बघत होती.

नजर हटली की बदलतंय, हे तिला कळून चुकलं. ती दोघांवर डोळे रोखून बसली. पापणी लवू द्यायची नाही. डोळे चुरचुरले, घळाघळा वाहू लागले.

"टीव्ही बघून बघून डोळ्यांची वाट लावलीस," आई काळजीने म्हणाली. "जरा मीट बघू."

"नको, आई. हात जोडते, नको."

आईने गार, ओलसर तळवा तिच्या डोळ्यांवर ठेवला. धाकटा खुदकन हसला. ते हसू अर्ध्यावरच तुटलं.