चाकावरचा खडू

ब्रेकचं रबर आणि रिम यांच्यात दोन मिलिमीटरची फट होती. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एका जागी ती शून्य व्हायची आणि चर्र असा आवाज यायचा. एक फेरा म्हणजे दोन मीटर. नेर सोडल्यापासून चाळीस किलोमीटर झाले होते. निकितानं मनातल्या मनात भागाकार केला आणि आकडा वीस हजारांवर आल्यावर विचार सोडून दिला.

"थांब," मागून बाबा म्हणाले. "पुन्हा आउट गेलं वाटते."

सकाळपासून सातव्यांदा ते थांबले.

नेर ते पुसद, तीन दिवस, मधे टेकड्या आणि नद्या, असा तिचा बेत होता. एकटीचा. पण "मी बसवलेल्या चाकावर चालली, तर मी संगं येतो" म्हणून बाबांनी, मारोतरावांनी, आपल्या सायकलच्या दुकानाला कुलूप घातलं, आपली काळी चोवीस इंची काढली आणि निघता निघता तिच्या पुढच्या चाकाचा आउट, म्हणजे रिमचा बाक, काढला. चाकात आउट नव्हताच. आवाज तेव्हापासून सुरू झाला होता.

तिथून पुढे रस्ता अडाण नदीच्या पुलापर्यंत वळणं घेत खाली उतरत होता. असल्या चाकावर ती तो उतार उतरणार नव्हती. तिनं सायकल सीट-हँडलवर उलटी उभी केली. मारोतरावांनी खिशातून खडू काढला, हात चाक धरणाऱ्या काट्याला टेकवून तो रिमच्या डाव्या बाजूला जवळ धरला आणि चाक फिरवलं. जिथे रिम बाहेर येते तिथे खडू लागतो. तिथली डावी तार ढिली करायची, उजवी कसायची. चाळीस वर्षं ते हेच करत आले होते.

चाक थांबलं. रिमवर वीतभर लांब पांढरी रेघ उमटली होती. मारोतरावांनी उजवा डोळा मिटून, मान तिरपी करून पाहिलं.

"खडू लागलाच नाही. या अंगानं चाक सरळ हाय."

निकितानं श्वास सोडला. "बाबा, तुमचे डोळे."

"चाक हातानं लावतात."

मोतीबिंदू आहे हे डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. उन्हाळ्यात जखम चिघळते, ते म्हणायचे. पावसाळ्यात पाणी जाते. हिवाळ्यात गिऱ्हाईक असते. तिनं चार वेळा ऑपरेशनचा नंबर लावला आणि चार वेळा त्यांच्यापायी रद्द केला. आज सकाळपासून ते "तू पुढं चाल" म्हणत होते आणि तिच्या कॅरियरवरच्या पिवळ्या पिशवीच्या मागे मागे येत होते. दारव्ह्याच्या बाजारात पिशवी एका टेम्पोआड गेली, तर ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले होते.

खालून एक म्हातारे सायकल हातात धरून चढ चढत आले. कॅरियरवर चाऱ्याचा भारा होता. वरच्या तांड्यावरचे हरिसिंग. नाव त्यांनीच सांगितलं, कोणी विचारायच्या आधी. मारोतरावांनी लगेच त्यांच्या कर्कश साखळीला तेल घातलं. हरिसिंग तोवर उलट्या सायकलचं चाक बोटानं फिरवत होते.

"मिस्त्री, हे चाक तं सापावानी वळवळ करून राह्यलं. पोरीले उतारावर पाडता काय?"

"तुमच्या डोयात फरक हाय, काका."

"माह्या डोयात कायले फरक? मागच्या साली दोन्ही करून आणले. आता बकरीच्या अंगावरची गोचीड दिसते." हरिसिंगांनी सायकल पुढे ढकलली. "पाह्यजा, बाई. तुमचे बाबा ऐकत नाही दिसत."

ते चढ चढून वर गेले. साखळीचा आवाज आता येत नव्हता.

मारोतरावांनी तारा पिळायची चावी पुन्हा तारेला लावली. डाव्या तारेला. डावीकडे खडू दिसला नाही, म्हणजे रिम उजवीकडे गेली असणार, असा त्यांचा हिशोब. निकिता पाहत राहिली. डावी तार कसली की रिम आणखी डावीकडेच येणार. हे तिला सहावीत असताना त्यांनीच शिकवलं होतं, आणि नंतर विज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकाला त्यात भर घालता आली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात सकाळपासूनचा सगळा वैताग होता. "अंगठा फिरवा रिमवर."

"काहून?"

"फिरवा."

त्यांनी फिरवला. एका जागी अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. मग त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. कोरडी भुकटी. डोळ्यांजवळ मात्र बोटं नेली नाहीत.

"खडू होय?"

"हो."

"किती लांब?"

"वीतभर."

"डाव्या अंगानं?"

"डाव्या."

मारोतराव रस्त्याच्या कडेला बसले. "म्हंजे सकायपासून मी तारा उलट्या पियून राह्यलो."

त्यांनी चावी तिच्याकडे धरली.

"डावी ढिली कर. पाव फेरा. जास्त नोको. आता उजवी कस. तिच्या बाजूची बी. फिरव."

तिनं चाक फिरवलं. चर्र. पुन्हा पाव फेरा. फिरवलं. आवाज अर्धा झाला. तिसऱ्या वेळी चाक फिरत राहिलं आणि काहीच ऐकू आलं नाही. खाली पुलावरून एक ट्रॅक्टर गेला, तेवढंच. मारोतराव मान खाली घालून ऐकत होते. चाक आपोआप थांबेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"डॉक्टरले फोन लाव," ते म्हणाले. "डावा डोया पयले कर म्हना. चाक मी डाव्यानंच पाह्यतो."