आईची कोरडी जागा

त्या दिवशी आई आणि मी लिननच्या सोफ्यावरचा चहाचा डाग काढत होतो.

"अगं, भांडी घासल्यासारखी घासतेस काय? हलक्या हातानं टीप!" आई म्हणाली.

"सोफ्याचे एवढे लाड? माझे कधी केलेस?"

"तुझे केले म्हणून तर ही गत!"

आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

महिन्याभरानं मी एकटीनं सोफ्याची सगळी बैठक ओल्या फडक्यानं पुसली. आई बसायची तेवढीच जागा कोरडी राहिली. पुन्हा पुसली, पुन्हा कोरडी. हात टेकवला, तर उबदार.

मला हसूच फुटलं.

तेवढ्यात तो कोरडा भाग हळूच कडेला सरकला. शेजारी माझ्यापुरती जागा झाली.

मी ओल्यातच बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "आई, तू मला फार आवडतेस."