एकच नाव

"तुमच्या टीममधलं एक नाव संध्याकाळपर्यंत द्या," एचआरच्या बाईंनी तिला सांगितलं. कंपनी माणसं कमी करत होती. तिच्या हाताखाली सहा जण. एकाच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं, एकीला सातवा महिना होता, एक जण तर तिच्याच शब्दावर चांगली नोकरी सोडून आलेला. दिवसभर ती एकेक नाव लिहून खोडत राहिली. शेवटी तिनं मन घट्ट केलं आणि कागदावर स्वतःचं नाव लिहून दिलं. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

बाईंनी कागद वाचला. मान वर न करताच त्या हळू आवाजात म्हणाल्या,

"मॅडम, तुमचं नाव वरून कालच आलंय. आम्हाला अजून एक हवंय."