बावीस जोड

"मागच्यांना ऐकू येतंय ना?" प्रांजलने विचारले आणि मागच्यांनी हात वर केले.

पुण्याहून आलेली बावीस माणसे महादेवाच्या देवळाबाहेर अनवाणी उभी होती. आटपाडीकडची जुनी गावे एका दिवसात पायी फिरवून दाखवायची, हा प्रांजलचा दर महिन्याचा कार्यक्रम. सकाळपासून दोन गावे आणि एक बारव झाली होती, आता हा वीरगळ. गावासाठी लढता लढता पडलेल्या कुणाचा तरी, आठशे वर्षांपूर्वीचा दगड. त्याच्यापुढे उभे राहायचे तर पायात काही नको, असे प्रांजलने बजावले होते आणि ते बरोबरच होते. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर महादेवाची पूजा. गडी सांगायचा मात्र झकास. नावगाव ठाऊक नसलेल्या त्या माणसासाठी एका बाईंनी डोळेसुद्धा पुसले.

लालासाहेब फडतरे झेंडूचा हार घेऊन आले ते नेमके तेव्हाच. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. देवळासमोरच्या चौथऱ्यावर त्यांच्या मुलाचे, धैर्यशीलचे स्मारक. तीन वर्षांपूर्वी सीमेवरच्या चौकीत तो बर्फाखाली गेला. गेल्या महिन्यात लालासाहेबांनी प्रांजलला गाठून नीट विनंती केली होती, पोराबद्दलही दोन शब्द सांगा म्हणून. आमचा विषय यादव काळापर्यंतच आहे काका, पण पुढच्या वेळी नक्की बघू, असे म्हणून त्याने तोंडाला पाने पुसली. लालासाहेबांना ते खरे वाटले. फौजेत नक्की म्हणजे नक्की. म्हणून आज पहाटे त्यांनी चौथरा घासून धुतला, इस्त्रीचा सदरा घातला आणि मंडळी वेशीत दिसल्यावर बायकोने ओवलेला हार आणायला ते घरी गेले. जाऊन यायला फार तर अर्धा तास लागला असेल.

तेवढ्यात चौथऱ्यावर बूट चढले होते.

बावीस जोड. खाली धूळ आणि काटे, चौथरा तेवढा स्वच्छ, म्हणून सगळ्यांनी तिथेच काढून ठेवलेले. कुणी स्मारकाच्या काळ्या पाटीच्या कडेवर मोजे वाळत घातले होते. बारवेतल्या चिखलाने भरलेला एक बूट तर थेट नावावर रेलून उभा होता. लालासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्याचे नाव कुणालाच माहीत नाही त्याच्यापुढे अनवाणी व्हायचे आणि ज्याचे नाव समोर कोरलेले आहे त्याच्या उरावर बूट ठेवायचे. सगळे उचलून ओढ्यात भिरकावून द्यावेत, असे त्यांना वाटले. हात पुढे गेलासुद्धा. पण त्यांनी तो मागे घेतला आणि हार मनगटाला अडकवून ते बुटांपुढे उभे राहिले.

माहिती संपली. मंडळी बूट घ्यायला आली आणि त्यांना पाहून थबकली. एकाने जरा सरकता का, असे विचारले. लालासाहेब जागचे हलले नाहीत. मग प्रांजल हसत हसत पुढे आला.

"चुकून झालं काका. त्यांना वाटलं, बसायचा कट्टा आहे."

"आन तुमाला काय वाटलं?"

प्रांजलने घड्याळ पाहिले. मग पुढच्या गावात जेवण थांबले आहे, उशीर होतोय, असे काहीबाही सांगू लागला. आणि धैर्यशीलबद्दल पुढच्या वेळी नक्की सांगू, असेही म्हणाला. ते त्याने म्हणायला नको होते.

"त्या दगडावर एक अक्षर न्हाई," लालासाहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ते तुमीवरून तूवर आले होते. "तरी तू अर्धा तास वाचलास. ह्याच्यावर अक्षरं हायती. वाच."

प्रांजलने मागे वळून पाहिले. बावीस माणसे तापलेल्या मातीवर एकेक पाय उचलत उभी होती, पण बूट मागायला कुणी पुढे येईना. शेवटी तो वाकला. नावावरचा बूट त्याला स्वतःच्या हाताने बाजूला करावा लागला. चिखल पाटीलाच चिकटून राहिला होता, तो त्याने आपल्या बाहीने पुसला.

"नाईक धैर्यशील लालासाहेब फडतरे," तो पुटपुटला. "जन्म..."

लालासाहेबांनी टाचा जुळवल्या. ते सावधान उभे राहिले.

"मागच्यांना ऐकू येत न्हाई."