जोडचाकांमधली फट

ओट्यावरचं झाकण तिच्या हातून खणकन पडलं, तेव्हा कुठे घरातली शांतता मोडली. चार दिवसांपूर्वी मालाने भरलेल्या पिकअपचे एका बाजूचे मागचे, जोडीने बसवलेले दोन्ही टायर फुटले होते आणि गाडी चालवणारा तिचा भाऊ अपघातात गेला होता. गाडीला ते नेहमीपेक्षा मोठे टायर तिच्याच नवऱ्याने आपल्या गॅरेजात बसवले होते.

तिने आज एकदाचं विचारलं, "अहो, जोडचाकांमधली फट तपासली होतीत ना?"

"तपासली होती गं. टायर एकमेकांना घासले की तापून फुटतात, हे मला कळत नाही का? हात आरपार जात होता."

तिच्या जिवात जीव आला. भाऊ गेला तो गेलाच, पण निदान नवऱ्याच्या तोंडाकडे बघता येणार होतं.

तेवढ्यात सहा वर्षांची लेक दारातून पुढे आली.

"हात माझा होता, आई. बाबांचा अडकत होता. मग मामा म्हणाला, 'चिमणे, तू घाल बघू. गेला ना? झालं तर! दाजी, आता नाटकं पुरे.'"

नवऱ्याने मान खाली घातली. लेक आपला तळवा उलटसुलट करून बघत राहिली.

"आई, माझा हात थोडा मोठा असता, तर मामा परत आला असता का गं?"