सतराव्या नंबरचं आख्यान

देवदत्तकाकांनी हार हातातच धरून ठेवला.

पूर्वरंग संपला होता. आता मंदिराच्या अध्यक्षांनी कीर्तनकाराला बुक्का लावायचा, हार घालायचा, वाकून नमस्कार करायचा, की मग आख्यान सुरू. मुलुंडच्या या राममंदिरात वर्षानुवर्षं हेच चालत आलेलं. गादी नारदाची, तिच्यावर उभा राहील त्याचं वय कुणी विचारत नाही. म्हणून गेली तीन वर्षं सत्तरीचे काका सव्वीस वर्षांच्या ऋतापुढे वाकत होते.

आज ऋताचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. दहा दिवसांपूर्वी घाटकोपरचं कीर्तन आटोपून परतताना तिची मोटरसायकल भांडुपच्या सिग्नलपाशी वाळूवरून घसरली आणि कॉलरबोन मोडलं.

"ध्रुवाचं लावतेस ना?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही काका. सांगितलं होतं ना, तोमास अरिएता. स्पेनचा."

"तो गाड्या पळवणारा?"

"तोच."

"अगं, आधीच लोक बोलताहेत. कीर्तनकार बाईने नऊवारी कमरेला खोचून गाडीवर हिंडावं का, म्हणून. आणि तू त्यांच्यापुढे गाडीवाल्याचंच पुराण लावणार? स्वतःची वकिली केल्यासारखं दिसेल."

"दिसू दे. तीच करतेय."

काकांचा आवाज चढला. "मग हार नाही. आणि उद्यापासून सुबोधबुवा उभे राहतील. सप्ताहाचे उरलेले पाचही दिवस."

मंडपात चुळबुळ झाली. ऋताने पेटीवरच्या श्यामसुंदरांकडे पाहिलं. "सूर द्या."

"हाराशिवाय?"

"डॉक्टरांनी खांद्यावर वजन घेऊ नको म्हटलंय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पेटी वाजली.

"स्पेन देशी एक गाव," ऋताने सुरुवात केली. "घरोघरी संत्र्याच्या बागा. तिथे एका मेकॅनिकच्या पोटी तोमास जन्मला. एकोणिसाव्या वर्षी लहान मोटरसायकलींच्या शर्यतीत जगज्जेता झाला. मोठ्या गाडीवर बसला, आणि तिथेही नाव झालं. मंडळी, ही माणसं वळण कसं घेतात ठाऊक आहे? गाडी इतकी झुकते, की गुडघा भुईला टेकतो. तुम्ही देवळात टेकता तसाच. फरक एवढाच, की त्याचा वेग तेव्हा ताशी दीडशे असतो."

शर्यतीचा कटाव, म्हणजे धावत्या लयीत म्हणायचं पद, तिने स्वतः बांधला होता. अंबादासांचा तबला दुडक्या चालीवर आला.

"वळण ये, झुके, गुडघा टेके, रबर जळे, धूर उठे,
मागचा पुढे, पुढचा मागे, कोण कुठे, कोण कुठे!"

आणि तबला एकदम थांबला. तोमास पडला होता.

उजव्या हाताची तीन ऑपरेशनं झाली. बोटं वळेनात. संघाने त्याची गाडी दुसऱ्याला दिली. घरचे म्हणाले, पुरे. गाव म्हणालं, पुरे. "आणि पुरे म्हणणारे सगळे त्याच्यावर माया करणारे होते बरं का," ऋता म्हणाली आणि काकांकडे बघून हसली. काकांनी नजर छताच्या पंख्याकडे वळवली.

तीन वर्षांनी एका गरीब संघाने त्याला जुनी गाडी देऊ केली. तोमासने हेल्मेट चढवलं.

ऋताने पुन्हा कटाव धरला. या वेळी दुप्पट लयीत. झोळीतला हात दुखत असावा; एका वळणावर तिने डोळे घट्ट मिटले, पण शब्द सुटला नाही. पुढच्या रांगेतले गुडघे तालावर हलायला लागले.

"शेवटची शर्यत. स्वतःच्या मुलखात. सगळं गाव कठड्याशी उभं. शर्यत संपल्याचा झेंडा पडला!"

ती थांबली.

"जिंकला?" खुर्चीवर बसलेल्या मृणालिनीआजींनी विचारलं.

"नाही आजी. सतरावा आला."

मंडपातून हवा गेल्यासारखं झालं. काकांना राहवेना. गादीलगतच्या खांबापाशी उभ्या उभ्याच ते कुजबुजले, पण माईकने सगळं पकडलं. "अगं, कीर्तनाचा शेवट गोड करायचा असतो! जिंकव की त्याला. इथून कोण जातंय स्पेनला बघायला?"

सगळे हसले. ऋताही हसली, मग गंभीर झाली.

"काका, या गादीवरून रामाच्या देखत खोटं कसं बोलू? सतरावा आला. तो होता तसाच सांगणार, आणि नंबर आला तोच सांगणार."

आजींनी काठी जमिनीवर आपटली.

"म्हणजे त्याच्या मागे किती होते गं?"

"चार."

"हातपाय धड असलेले?"

"एकदम धड."

"मग! चौघांना मागे टाकलंन् की मेल्याने!"

मागच्या रांगेतून टाळी आली. मग सगळ्या मंडपातून. कुणी सांगितलं नसताना अंबादासांनी तिहाई वाजवली आणि स्वतःच लाजले. ऋताने भैरवी घेतली. आरती झाली. प्रसादाचा शिरा फिरला. माणसं येऊन तिच्या पायाशी वाकून जात होती. काका खांबाजवळून हलले नाहीत.

जाताना आजी त्यांच्यापाशी थांबल्या. "देवदत्ता, उद्या किती वाजता रे हिचं?"

काकांनी तोंड उघडलं.

"साडेपाचला, आजी," गादीवरून ऋता म्हणाली. "उद्या रिक्षाने येते. पुढच्या वर्षी गाडीवरून."