लक्ष कुठंय तुझं?

"आरशात बघ. गियर बघ. अगं, लक्ष कुठंय तुझं?"

नवरा शेजारी बसून मला गाडी शिकवत होता. एक डोळा मोबाइलवर, दुसरा माझ्या हातापायांवर. बायकांना एका वेळी दोन कामं जमत नाहीत, हे घरापासून ऐकवत होता.

मारुतीच्या देवळापाशी मी करकचून ब्रेक दाबला. क्लच राहिलाच आणि गाडी आचके देत बंद पडली.

"क्लच कोण दाबणार, तुझा बाप?" माझ्या पायांकडे बघत तो खेकसला. "मोकळ्या रस्त्यात कुणी ब्रेक मारतं का?"

"समोर बघा," मी म्हटलं.

बंपरपासून हातभर अंतरावर सासूबाई उभ्या होत्या. दर शनिवारी त्या मारुतीला तेल घालायला येतात. त्या दचकल्यानं ते तेल आमच्या बॉनेटवर सांडलं होतं. रिकामी वाटी त्यांनी बॉनेटवर आपटली.

"डोळे फुटले का गं तुझे? नजर कुठं होती?"

मला वाटलं, आता तरी तो खरं सांगेल. 'आई, हिनं पाहिलं म्हणून वाचलीस,' एवढंच. त्यानं मोबाइल खिशात टाकला, उतरून पुढं गेला आणि आईचा हात धरला.

"मघापासून हेच सांगतोय हिला. लक्षच नसतं."

गाडीसमोर उभं राहून दोघंही मला बोलत राहिले.

मी आरशात पाहिलं. क्लच दाबला, आठवणीनं. किल्ली फिरवली, पहिला गियर टाकला आणि समोर पाहिलं.

दोघं अगदी स्वच्छ दिसत होते.